मोहाच्या भट्ट्या पाहायले आलेला पुण्याचा पाहुणा

तुमी आज पाहुणा आला म्हणून कुरकुरता बाई! माझ्या घरी पुण्याचा एक जण आठ दिवस राहिला होता, मी पार थकून गेली होती.

तवा आमच्या करडी गावात लाइट नवीनच आला होता. तो पाहुणा आमच्या पडवीत निजे, सकाळी माझ्या हातचे पोहे खाये, अन् गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या पाहायले पायीच निंगे. म्हणे, कोणत्या दारूची चव कशी, ते लिहून घ्यायचं हाये. असं कोणाले खरं वाटन? गावाले वाटलं, हा दारू पकडणारा सायबच हाये. मग एकेक बाई दारूचं मडकं माझ्याच घरी आणून ठेवे.

"काकी, सायब तुमच्याच घरी राह्यते. तेथं कोण पाहीन?"

मी मडकी चुलीजवळच्या कोंड्याच्या ढिगात लपवू, पोहे करू अन् भिऊ. सापडलं असतं तर घरधनी म्हणून आमचा बुढा जेलात गेला असता.

आठव्या दिवशी तो लंगडत आला अन् बाजेवर पडला.

"मावशी, उद्या जातो. एक भट्टी दिसली नाही, एक थेंब मिळाला नाही."

त्याचे तळपाय फोडायनं भरले होते. पकडणारा सायब तं जीपनं येते, त्याच्या पायाले फोड कायले येतीन?

"भाऊ, खरं सांगा, पकडायले नाही न आले?"

"पकडायला? मावशी, मला चाखायची होती हो!"

मी उठली, त्याले चुलीजवळ नेलं अन् कोंडा बाजूले सारला. सात मडकी होती.

"बसा आता येथंच. पयली कोणाच्या घरची देऊ?"