जनाजा जात असताना वाजलेला दोइरा

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या संस्कृती भवनाचे प्रमुख आदरणीय नेमतुल्लो-आका, ताशकंदहून एवढा प्रवास करून आलेले संगीत मंडळाचे सन्माननीय पाहुणे, जरीचा नवा कोरा चापान अंगावर घेऊन मधल्या खुर्चीत बसलेले आजचे सत्कारमूर्ती दालेर, पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या शुभेच्छा स्वीकारणाऱ्या त्यांच्या मातोश्री तोजिनिसो, मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी, लग्नघरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माझ्या भगिनी, आणि अगदी मागे दाराजवळची खुर्ची धरून बसलेली माहफिरत, आपणा सर्वांना या मुयस्सरचा सलाम.

मला दोन शब्द बोलायला बोलावलंय. फोनवर नेमतुल्लो-आका म्हणाले, "मुयस्सर-ओपा, चांगलं बोला हं." एवढं सांगावं लागलं, यातच काय ते समजा. तर मी आधी चांगलं बोलून घेते, म्हणजे ते काम संपेल.

दालेर हुशार आहे. नाही कोण म्हणतं? आईच्या घरामागच्या खोलीत, जिथे पूर्वी कांदे ठेवायचे, तिथे त्याने स्टुडिओ थाटला. भिंतींना आईच्या रुखवतातल्या रजया ठोकल्या. तोजिनिसो, तेव्हा तू माझ्याकडे येऊन रडली होतीस, आठवतं? "खिळे मारले गं माझ्या रजयांना!" आज हसतेस. हस बाई, मुलाचा दिवस आहे. त्या खोलीत बसून त्याने संगणकात दोइरा भरला. आता ज्याला गाणं करायचंय त्याने घरी बसावं, बटणं दाबावीत, की दोइरा वाजतो. वाजवणारी नको, तिला चहा नको, तिचा रुसवा नको. ताशकंदच्या पाहुण्यांनी मघाशी सांगितलं की हे मोठं काम आहे. असेल. त्या कामाला त्याने नाव दिलंय 'जिवंत हात'. तो हात माझा आहे. म्हणून मला बोलावलंय.

हा हात कसा घेतला, ते पाहुण्यांना कोणी सांगितलं नसेल. मी सांगते. थंडीचे दिवस होते. मी गेले, दोइरा शेगडीशी धरून शेकायला लागले. डफाचं कातडं तापल्याशिवाय बोलत नाही, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. दालेर म्हणाला, "मावशी, शेगडी बंद करतो, तिची घरघर माइकमध्ये येते." केली बंद. मग म्हणाला, "आतल्या कड्यांना दोरा बांधू या. त्या किणकिणतात." बांधला दोरा. मग म्हणाला, "आता एकदा 'बुम'." मी वाजवलं. "आता थांबा. पूर्ण विरू दे. आता एकदा 'बक'. आता जरा हळू. आता आणखी हळू." मी विचारलं, "अरे पण वाजवतेय कोणासाठी? समोर नवरी आहे की नाचणारी आहे?" तर म्हणतो, "कोणी नाही मावशी, तुम्ही नुसतं वाजवा." मी म्हटलं, "दालेर, या दोइऱ्याला सर्दी झालीय." तो म्हणाला, "मी नंतर संगणकात गरम करतो."

हसा, हसा. मीही हसले होते तेव्हा.

पण मंडळी, आमचं वाजवणं म्हणजे काय असतं हो? नवरी सासरच्या बायकांना वाकून सलाम करते, तेव्हा दोइरा तिच्या कमरेकडे बघून वाजतो. ती अडखळली, तर हात थांबतो आणि तिला सावरायला वेळ देतो. लोकांना वाटतं तालच तसा होता. माझ्या डाव्या बाजूला माझी मैत्रीण शरोफत बसायची, गुडघ्याला गुडघा लावून. उभा जन्म आम्ही दोघींनी बुखाऱ्यातल्या घरांच्या आतल्या, बायकांच्या अंगणांत असा काढला. मी नवरीकडे बघत बसले की ही कोपराने ढोसायची, "अगं सासू रडतेय तिकडे, हळू घे!" माझं लक्ष नवरीवर, तिचं साऱ्या अंगणावर. मला घाई करायची खोड, आणि ती मला मागे ओढून धरायची. भांडायचो किती! एकदा भर लग्नात ती माझ्यावर रुसली आणि चुकीच्या जागी मुद्दाम 'बक' मारला. मी असा डोळा वटारला की नवरीच घाबरली.

शरोफत गेली त्याला उद्या वर्ष होईल.

नेमतुल्लो-आका, चिठ्ठी नका पाठवू. वेळेचं मला कळतंय. एवढं सांगून होईपर्यंत मी काही खाली बसत नाही.

शरोफत अचानक गेली. सकाळी दूध तापवायला उठली आणि तिथेच पडली. मी तेव्हा नवोईत होते, लेकीच्या बाळंतपणाला. रात्री फोन आला, मी मिळेल त्या गाडीत बसले, पण आपल्याकडे मयत कुठे थांबवतात? दुपारीच नेली तिला. त्याच दुपारी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लग्न होतं. त्या घरच्यांना दोष नाही, बिचाऱ्यांना आतल्या गडबडीत काही कळलंच नव्हतं. पण आपल्या गल्लीची रीत काय आहे? जनाजा दिसला की वाजवणाऱ्याचा हात खाली येतो. कोणी सांगायला लागत नाही. नवरी सलामात अर्धी वाकलेली का असेना! हात खाली. दोइरा मांडीवर पालथा. माणसं पुढे गेली, गल्ली मोकळी झाली, की मग बघू.

त्या दिवशी दोइरा थांबला नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शरोफतचा जनाजा गेला आणि दोइरा वाजत राहिला. दारात उभी राहून तिची लेक, ही माहफिरत, ऐकत होती. आणि तिने कोणाचा हात ऐकला? माझा! लग्नघराच्या दारावर फलकसुद्धा होता, 'मुयस्सर-ओपांचा दोइरा'. तिने आणखी काय समजायचं?

मी दुसऱ्या दिवशी पोचले. तशीच बोचकं घेऊन तिच्या दारात गेले. माहफिरतने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "हात दुखत असतील तुमचे. घरी जा, विश्रांती घ्या."

मी म्हटलं, "अगं, मी इथे नव्हतेच!" ती म्हणाली, "पाळण्यात असल्यापासून मी तुमचा हात ऐकतेय. मला ओळखता येत नाही?" येतो की ओळखता! कसा नाकारू? हात माझाच होता. मी सांगितलं, माझ्या लेकीला विचार. तर लोक म्हणाले, लेक आईच्याच बाजूने बोलणार. लग्नघरच्यांना विचारलं, तर बाहेरच्या पुरुषांनी आतलं अंगण पाहिलेलं नाही, आणि आतल्या बायका मान खाली घालून कामाला लागल्या. मुयस्सर-ओपा आमच्याकडे वाजवून गेली, असं त्या सगळीकडे सांगून बसल्या होत्या ना! त्या दिवसापासून त्या घराचं दार मला बंद आहे. उद्या शरोफतच्या वर्षाचं जेवण. सगळ्या मोहल्ल्याला बोलावणं आहे. मला नाही. माझ्या मैत्रिणीच्या नावाने उद्या लोक दुआ मागतील आणि मी घरात बसून गल्लीतल्या चपलांचे आवाज ऐकेन.

आता तुम्ही म्हणाल, त्या अंगणात तेव्हा वाजवत होतं कोण? हे बसलेत. चापान घालून. यंत्र लावायला म्हणून पुरुषांत एकट्या यालाच आत घेतलं होतं. एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि कानांवर ते मोठे हेडफोन.

मी याच्याकडे गेले होते हो! एकदा नव्हे, कितीतरी वेळा. म्हटलं, बाबा रे, माहफिरतला एवढंच जाऊन सांग की ते तुझं यंत्र होतं. तर काय म्हणाला माहितीय? "मावशी, तसं सांगितलं तर माझ्याकडे राहिलं काय? लोकांना वाटतं तुम्हीच वाजवताय, म्हणून तर मला बोलावतात. थोडे दिवस जाऊ द्या, विसरतील." विसरतील! आईचा जनाजा दोइऱ्याच्या तालावर गेला, हे लेक विसरेल? तुझी आई इथे पहिल्या रांगेत बसलीय, तिच्याकडे बघून म्हण हे.

काय म्हणालीस तोजिनिसो? "आजच्या दिवशी तरी नको." मग कधी गं? वर्षभर मी तुझ्या घराचा उंबरठा झिजवला, तेव्हा तू चहा पाजून मला वाटेला लावलंस. आज हा व्यासपीठावर बसलाय, सारं गाव समोर आहे, माहफिरत समोर आहे. मला दुसरा दिवस कुठून मिळायचा? तुझा राग मला कळतो. उद्या मला शिव्या दे. आज बस.

ताशकंदच्या पाहुण्यांनो, तुमचा पुरस्कार मी काढून घ्यायला आलेले नाही. तो याच्याकडेच ठेवा, याच्या रजयांच्या भिंतीवर टांगा. जो घरात बसून एकटा गाणं करतो, त्याने यंत्र वापरलं तर मी कोण बोलणार? पण ज्या अंगणात माणसं आहेत, ज्या गल्लीतून माणसं जातात, तिथे वाजवायचं तर डोळे उघडे लागतात. आणि माझं नाव लावून वाजवायचं, तर माझी लाजही लागते. आवाज नेलास, लाज कोण नेणार?

दालेर, ऊठ.

ऊठ रे. मी तुझ्या बारशाला वाजवलंय, माझ्यासमोर उभं राहायला लाजू नकोस. हा माइक घे. नको? बरं, तिथूनच बोल, मागच्यांना मी सांगेन.

मंडळी, दालेर म्हणतो, "तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर आवाज ओपांचाच आहे."

तांत्रिकदृष्ट्या! अरे चुलीत घाल तुझी ती दृष्टी! मी सरळ विचारते, सरळ सांग. त्या दिवशी मी त्या अंगणात होते का?

मागे ऐकू गेलं का? तो म्हणाला, "नव्हत्या." आणखी मोठ्याने. हं. "मुयस्सर-ओपा नव्हत्या. कोणीच वाजवत नव्हतं. मी लावलं होतं." ऐकलंस माहफिरत? मी नाही म्हणत, तो म्हणतोय.

थांब, बसू नकोस. तुझ्या कानांवर ते हेडफोन होते, तुला काही दिसलं नाही, असं मी आजवर स्वतःला समजावत आले. तसंच होतं ना? सांग ना, तुला दिसलं नव्हतं ना?

या अल्लाह.

मंडळी, तो म्हणतो, "दार उघडं होतं, जनाजा दिसला होता. मी आवाज कमी केला."

आवाज कमी केला. शरोफत जात होती, आणि याने आवाज कमी केला. थांबवायला एक बटण लागतं ना रे? का नाही दाबलंस? "नवरीचा सलाम मध्येच तुटला असता." तुटू द्यायचा! आम्ही कितीदा तोडलाय! अरे, ती नवरी उभी राहिली असती, तिनेही दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून दुआ मागितली असती आणि मग पुन्हा वाकली असती. कोणाचं काय बिघडलं असतं? बस आता. बस खाली. मला तुझ्याकडे बघवत नाही.

माफ करा, जरा पाणी द्या.

माहफिरत उठली. जाऊ द्या तिला, वाट द्या. तिला कोणी काही म्हणू नका. तिने एवढं ऐकून घेतलं, माझं काम झालं. दार उघडा तिला, कोणीतरी...

काय? काय म्हणालीस बाळा? इथे ऐकू येत नाही.

मंडळी, ती... थांबा. मलाच नीट ऐकू दे.

ती म्हणते, "मावशी, उद्या सकाळी हलव्याचं पीठ भाजायला हात कमी पडताहेत. उजाडताच या."

येते. येते गं. सांगायला लागतं का?

तर अध्यक्ष महाराज, पाहुणे आणि बंधुभगिनींनो, मला अजून बरंच बोलायचं होतं, तयारीही करून आले होते, पण ते आता राहू दे. आपण मला इतका वेळ दिलात, चिठ्ठ्या पाठवूनही मला खाली बसवलं नाहीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. सोहळ्याचा रंग मी घालवला. बोलताना माझा तोल गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपण सगळ्यांनी मोठ्या मनाने मला माफ करावं. तोजिनिसो, तूसुद्धा. दालेरची माफी मी मागत नाही. आणि जेवणाला मी थांबत नाही, रागावू नका. पहाटे उठायचंय.