पिंट्या रेड्याने मारले नाही

नाव : संघमित्रा अंकुश तांबे. वय ६२. धंदा : सेवानिवृत्त कारकून. राहणार जुईनगर, नवी मुंबई.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, जखमी सलिमा फजल मुकादम, राहणार उरण, आणि मी पनवेलला कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर होतो. सहावीत असताना मधल्या सुट्टीत नळावर मोठ्या मुली आम्हाला पाणी पिऊ देत नसत. ढकलाढकली करायची नाही, असे सिस्टरांनी शिकवलेले. मी ते पाळत असे. सलिमा कोपर मारून आत शिरे आणि दोघींच्या बाटल्या भरून आणी.

दिवाळीत ती दरवर्षी सांदणांचा डबा घेऊन माझ्याकडे येते. यंदा पाडव्याला, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी, येणार होती.

त्या दिवशी तबेलेवाले गोटीराम यांनी शिंगे रंगवून, मोरपिसे बांधून पिंट्या नावाचा रेडा आमच्या गेटवर आणला होता. सोसायटीचे अध्यक्ष पोपट नलावडे यांनीच रेडा ओवाळण्यासाठी त्यांना बोलावले होते. गोटीराम माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच म्हणाले, "सायेब, फटाका नको वाजवू. बिचकतो त्यो." अध्यक्ष म्हणाले, "टेन्शन नको घेऊ रे, रील बनवायचीय." आणि त्यांनी माळ पेटवली.

रेडा उधळला. दोन स्कूटर पडल्या, रांगोळ्या पुसल्या. सोसायटीचा आकाशकंदील त्याच्या शिंगात अडकला आणि आतला दिवा तसाच पेटलेला राहिला. असा तो लॉबीच्या काचेच्या दारासमोर येऊन उभा राहिला. यमाचा रेडा आला असे कुणीतरी म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरचे पेंडसे आजोबा गॅलरीतून हात जोडून "या मजल्यावर कुणी नाही" असे रेड्याला सांगत होते.

आवाज ऐकून मी चकल्या सोडून खाली आले. माझ्या हातात पितळी सोऱ्या होता. अध्यक्षांनी दाराची कडी आतून धरली होती. सलिमा बाहेर होती. तिने काचेवर थाप मारली आणि म्हणाली, "मित्रा, दार उघड गं." अध्यक्ष मला म्हणाले, बाहेरच्या माणसांची जबाबदारी सोसायटीवर नाही. मी त्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणाले. तीन वेळा म्हणाले. लॉबीत नऊ माणसे होती. ती सगळी फोनवर शूटिंग करत होती. घड्याळ दारावरच आहे. दहा बावीस ते दहा तेहतीस.

सलिमा भिंतीकडे सरकताना पणतीच्या सांडलेल्या तेलावरून घसरली आणि पायरीवर पडली. तिचे खुब्याचे हाड मोडले आहे. रेड्याने तिला शिंग लावले नाही. तो तिच्याजवळ आला, डबा हुंगला आणि सगळी सांदणे खाल्ली. नंतर गोटीरामांनी हाक मारली तसा निमूट गेला.

रेड्याने सलिमाला व आपल्याला मारले अशी अध्यक्षांची तक्रार आहे. त्यावरून पिंट्याला कोंडवाड्यात आणि गोटीरामांना येथे बसवून ठेवले आहे. अध्यक्ष दाराच्या आत होते. त्यांच्या पाठीवरचा वळ सोऱ्याचा आहे. तो मी मारला. त्याशिवाय त्यांनी कडी सोडली नाही. पहिल्याच मिनिटाला मारायला हवा होता. मी अकरा मिनिटे थांबले, हेही लिहून घ्यावे.

हवालदारांनी "रागाच्या भरात" असे शब्द घातले होते. ते मी खोडायला लावले. बाकी मजकूर त्यांनी वाचून दाखवला, मी चष्मा लावून पुन्हा वाचला. मी बोलले तेच आणि तेवढेच यात आहे.

ताब्यात घेतलेल्या वस्तू अशा द्याव्यात. पिंट्या आजच गोटीरामांना, कोंडवाड्यात त्याला पाणी ठेवलेले नाही. आकाशकंदील अध्यक्षांना. रिकामा डबा सलिमाच्या मुलीला, शायमाला, आहे तसा, चेपलेल्या झाकणासकट. सोऱ्या पुरावा म्हणून लागेल तितके दिवस ठेवावा. नंतर तो मला परत नको. सलिमाला द्यावा. इस्पितळातून तिने तो मागितला आहे.