एकट्या ठमीसाठी बाटली

आत्या : म्हणजे आजही नाहीच म्हणा.

सिस्टर : बाटली उघडायला कमीत कमी पाच बाळं लागतात हो, ताई. बाकावर बघा, तुमची ठमी एकटीच.

आत्या : हा तिसरा हेलपाटा आहे, सिस्टर. नऊ महिने भरले तेव्हा पहिला. आता अकरावा लागलाय, समोरचे दोन दात आलेत. तिच्या आईला कारखान्यातून रजा मिळत नाही, म्हणून मी, तिची आत्या, शाळेची मुलं सोडते आणि व्हॅन तशीच इकडे आणते. फ्रिजमध्ये लस आहे ना?

सिस्टर : आहे.

आत्या : मग घोडं कुठं पेंड खातंय?

सिस्टर : गोवराच्या एका बाटलीत दहा बाळांची लस असते. एकदा बाटली उघडली की चार तासांत संपवायची, उरेल ती फेकायची. फेकली की वरून पत्र येतं, आणि पुढच्या महिन्याच्या बाटल्या कापतात. मग कुणालाच नाही.

आत्या : तुम्हाला आलंय कधी पत्र?

सिस्टर : मला? दोन वर्षांत एक थेंब वाया गेला नाही माझ्याकडे. भिंतीवरचं ते प्रशस्तिपत्र त्याचंच.

आत्या : छान आहे. चौकटपण छान आहे.

सिस्टर : टोमणा कळला बरं का.

आत्या : टोमणा नाही हो. मीसुद्धा आधी गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. मग कळलं, शेवटच्या फेरीतली पोरगी रोज घंटा झाल्यावर पोचते आणि वर्गाबाहेर उभी राहते. डिझेल माझं वाचत होतं, शिक्षा तिला होत होती.

(सिस्टर भिंतीवरचं कॅलेंडर काढते आणि उलटं करून टेबलावर ठेवते.)

सिस्टर : ही परत पाठवलेली बाळं. अहवालात त्यांना रकाना नाही, म्हणून इथं मागे लिहिते. ठमी दोनदा आहे बघा.

आत्या : आणखी आठ-नऊ नावं आहेत की. बोलवायचं ना एकदम सगळ्यांना.

सिस्टर : करते ना फोन. कुणाचं काम, कुणाला रिक्षा परवडत नाही. दोनदा परत गेलेलं माणूस तिसऱ्यांदा येत नाही. तुमच्यासारखी चिवट एखादीच.

आत्या : आणि हे वरचं नाव खोडलंय ते?

सिस्टर : त्याला गोवर झाला. मागच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात नेलं. तो आला होता त्या दिवशी चार बाळं होती. एक कमी पडलं, म्हणून चौघांनाही परत पाठवलं. फ्रिजला टेकून उभी होते मी, ताई, आणि नाही म्हणाले.

आत्या : बसा जरा.

सिस्टर : बसत नाही. ठमीला मांडीवर घ्या, बाटली उघडते.

आत्या : एकटीसाठी? पत्र येईल ना.

सिस्टर : येऊ दे. दंड घट्ट धरा. झालं, झालं गं बाई माझी. रड, हक्कच आहे तुझा. आता उरली नऊ बाळांची.

आत्या : आत्ता कुठं नऊ वाजलेत. शाळा एकला सुटते, तोवर व्हॅन रिकामीच. पत्ते सांगा, दोन फेऱ्यांत आणते सगळ्यांना. हिला अर्धा तास इथं बसायचंच आहे, तुमच्याजवळ ठेवते.

सिस्टर : लिहून घ्या. पहिला, लाँड्रीच्या मागचा जिना...

आत्या : आधी त्या खोडलेल्याचा सांगा. कसं आहे ते बाळ?

सिस्टर : माहीत नाही. विचारायला तोंड कुठं आहे मला.

आत्या : पत्ता सांगा. जाता जाता विचारून येते.