खिडकी न उघडणारी गाडी

माझं माहेर रत्नागिरीच्या पलीकडचं, लग्न होऊन आले ती थेट लालबागला, आणि काय सांगू तुम्हाला, अख्खा जन्म मसाला कुटायच्या डंकावर मिरच्यांची देठं मोडण्यात गेला, म्हणून जीभ अशी तिखट. गावाला जायचं तर पॅसेंजर. तिला मी देव्हाऱ्यात नाय बसवत हां, मेली कुठंही पडून राहायची, संडासाचं तर नावच नको. पण खिडकी उघडी. सोयरेधायरे ठेशनात यायचे, खिडकीतून भाकऱ्या द्यायचे, नवी सून दाखवायचे, भांडणंसुद्धा तिथंच मिटायची.

तर माझी मोठी भैण शेवंता. आमचं आईच्या वर्षश्राद्धाला वाजलं, वडे कोणी करपवले यावरनं, हसू नका, त्यावरनं कित्येक वर्षं बोलणं बंद. यंदा पुतण्याच्या लग्नाला सावंतवाडीकडे निघाले, तेव्हा शेवंताच्या मुलानं मध्ये पडून तिला राजी केलं. मावशी, तुमची गाडी आमच्याकडे क्रॉसिंगला थांबते, आई ठेशनात येतेय. मी म्हटलं, खिडकीतच बसते बाबा.

माझ्या लेकानं तिकीट काढलं ते त्या नव्या पांढऱ्या गाडीचं. आई, अगदी विमानासारखी आहे. मला काय उडायचंय? पॅसेंजरनं घरदार जाऊन आलं असतं तेवढ्या पैशात माझ्या एकटीचं बूड टेकलं! खुर्ची मागे जाते म्हणे, कशाला, मला काय दाढी करायचीय? ट्रेमधली चपाती ओढून तुटेना, डाळ म्हणून पिवळं पाणी. शेजारणीला विचारलं, तुम्ही कुठच्या, तर बाईनं कानात बोंडं घातली. शी!

शेवंताचं ठेशन आलं, गाडी थांबली. शेवंता आलेली हो, काठी टेकत, नवं लुगडं नेसून. काच उघडायला जाते तर कडीच नाय. दारंही बंद, क्रॉसिंगला थांबली तर ती उघडतच नायत म्हणे. त्या काळपट काचेतून मला ती दिसते, तिला मी नाय. एकेका काचेला नाक लावून बघत होती बिचारी. माझ्यासमोर आली, अगदी एवढ्यावर, मी थडाथडा हात आपटले, तर पुढं गेली. गाडीतला पोरगा म्हणतो, आजी, काच फुटेल. फुटू दे मेली, म्हटलं! तोवर गाडी सुटलीसुद्धा. मी भर गाडीत रडले.

भाच्याचा फोन आला, आई म्हणते, तिनं तोंडही दाखवलं नाय, मुद्दाम बोलावून पाणउतारा केला. किती समजावलं तरी पटत नाय तिला. खिडकी उघडत नाय अशी गाडी असते काय, म्हणते. तिचं काय चुकलं, मी तरी कुठं पाहिली होती?

आता रविवारी पॅसेंजरनं निघतेय, ती दिवा ठेशनातनं सुटते, तिथवर लेक सोडायला येतोय. म्हणतो, आई, हाडं खिळखिळी होतील. होऊ देत. त्या पांढऱ्या गाडीचंही देव भलं करो, वाटेत ज्यांचं कोणी नाय त्यांना घेऊन धावू दे तिला. मी उतरून शेवंताच्या पायरीवर बसणार. घरात घेवो नायतर शिव्या घालो, पण मी आले होते, एवढं तिला ऐकावंच लागेल.