सान्वीचं शिक्षण, ऐंशी टक्के

(डोंबिवली पूर्वेला, गुंतवणूक सल्लागार रचना जाधव हिचं छोटं ऑफिस. समोर आनंद आणि त्याची बायको उत्तरा.)

रचना : सॉरी मॅडम, खरंच. तो मेसेज मी नाही पाठवलेला. अ‍ॅपमधून आपोआप जातात ते.

उत्तरा : 'अभिनंदन! सान्वीचं शिक्षण : ऐंशी टक्के ध्येय पूर्ण.' मी स्टाफरूममध्ये बसले होते. शेजारच्या बाई विचारतात, कसलं हो अभिनंदन?

रचना : मीच आधी विचारायला पाहिजे होतं, एसआयपी बंद करायची का म्हणून. दोनदा फोन हातात घेतला. पण काय बोलणार, सुचेचना.

आनंद : बंद करायचा प्रश्नच नाही. हिच्या फोनवर मेसेज येणार नाहीत एवढं बघा.

उत्तरा : आनंद, आपण बंद करायला आलोय.

आनंद : तू आलीयस.

उत्तरा : आपली मुलगी गेली रे. डेंग्यू झाला आणि आठवड्यात गेली. आता कुणाच्या शिक्षणासाठी दर महिन्याला हप्ता भरतोयस?

आनंद : माझ्या पगारातून जातो ना? जाऊ दे.

उत्तरा : पैशांसाठी बोलतेय का मी?

रचना : सर, एक सुचवू? हप्ता चालू ठेवू, नुसतं नाव बदलू. 'रिटायरमेंट' टाकते...

आनंद : नाही. नाव तेच राहील.

उत्तरा : बघा! घरात हा तिचं नाव काढत नाही. खोलीला कुलूप लावलंय. मी विषय काढला की उठून गॅलरीत जातो. माझ्या भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो टाकला, तर ग्रुपच सोडला यानं. आणि इथे म्हणे नाव तेच राहील.

आनंद : इथे ती अजून मोठी होतेय.

उत्तरा : काय?

आनंद : अ‍ॅप उघडलं की दिसतं. सान्वी, कॉलेजला अजून तीन वर्षं. दर महिन्याला थोडं पुढे सरकतं. ऑफिसला जातो, येतो, जेवतो, कशात काही नाही. हप्ता गेला की वाटतं, आज बाप म्हणून काहीतरी केलं.

उत्तरा : मला का नाही सांगितलंस?

आनंद : काय सांगू? डोकं फिरलंय म्हणून?

उत्तरा : मला वाटलं, तू विसरायला लागलास. मी एकटीच... तू ऑफिसला गेलास की मी तिच्या गणवेशाला इस्त्री करते. रोज.

आनंद : खोलीची किल्ली माझ्याकडे आहे.

उत्तरा : दुसरी करून घेतली मी.

रचना : पाणी देऊ, सर?

आनंद : नको. ते शंभर टक्के झालं की काय होतं हो?

रचना : काही नाही सर. पैसे काढून घ्या, असं येतं.

आनंद : म्हणजे कॉलेज आलं.

रचना : हो.

उत्तरा : तो दिवस सोसणार नाही रे तुला.

आनंद : बंद करायला कुठे दाबायचं?

रचना : मी करते ना, सर.

आनंद : नको. दाखवा मला.

रचना : हे इथे. आता कारण विचारेल. 'पैशांची अडचण', 'ध्येय पूर्ण झाले', 'इतर'. काहीही टाका सर, कुणी बघत नाही ते.

आनंद : 'इतर' टाकलं.

रचना : झालं.

आनंद : एवढंच?

रचना : एवढंच, सर.

आनंद : उत्तरा, आता घरी जाऊन काय करायचं?

उत्तरा : भात लावू. ऊठ.