केराबाईचा हवापालट

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या माग कारखान्याचे मालक रावसाहेब, सत्कारमूर्ती डॉक्टर विजयमालाबाई, व्यासपीठावरची मानाची मंडळी आणि खाली सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बाळासो, मागावरचा जुना मुकादम. बाईंना बढती मिळाली. आता त्या वस्तीतल्या दवाखान्यात नसणार, सात रस्ता चौकातल्या सरकारी कचेरीत कागद तपासणार. आनंदाची गोष्ट आहे, टाळ्या वाजवा. वाजवल्या? बरं.

पण बढती कशी मिळाली, हे सांगितल्याशिवाय सत्कार पुरा कसा व्हायचा? मागल्या उन्हाळ्यात रावसाहेबांना खोकला झाला. बाई म्हणाल्या, हवापालट करा. साहेब महाबळेश्वरला राहून गाल लाल करून आले. त्याच सुमारास आमची केराबाई खोकत दवाखान्यात गेली. ती कारखान्यात कांड्यांवर सूत भरते आणि तिथंच मागल्या कोपऱ्यात राहते. बाईंनी तिलाही तेच सांगितलं. औषधात भेदभाव नाही, हा बाईंचा बाणा.

पंधरवड्यानं केराबाई परत गेली, खोकला दुप्पट. बाईंनी विचारलं, "हवापालट केला का?"

"केला की. आदी दाराकडं निजत हुते, आता भिताडाकडं निजतीया. लई फरक न्हाय बगा."

तुम्ही हसलात, बाई हसल्या नाहीत. तडक कारखान्यात आल्या. आत सुताची कुसं उडतायत आणि खिडकी बंद. मी म्हणालो, "वाऱ्यानं सूत कोरडं पडून तुटतं, मालकांचा हुकूम आहे." बाईंनी पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि खिडकी उघडली. चार धागे तुटले. दुसऱ्या दिवशी खिडकीला खिळे बसले आणि महिन्याभरात बाईंना बढती आली. योगायोगच हो, रावसाहेब. पाणी घ्या थोडं.

केराबाई आज सभेला नाही, तिला चालताना दम लागतो. मला तिची काळजी वाटते, हे उघड सांगतो. तुटलेलं सूत ती जोडते. तिची छाती फाटली तर बघायला आता बाईही नसणार.

आम्ही शाल-श्रीफळ आणणार होतो. बाई म्हणाल्या, "मला काही नको, त्या खिडकीचं बघा." पण बघायचं कधी? मालक सदा कारखान्यात. आज मात्र समारंभासाठी माग बंद, मालक खुर्चीत आणि गळ्यात हार. म्हणून मागावरचे धुळा आणि बिरप्पा मघाशीच पक्कड घेऊन त्या खिडकीकडं गेलेत आणि म्हणूनच माझं भाषण लांबलंय.

उठू नका रावसाहेब, आभार राहिलेत. आणि मला कामावरून काढायचं म्हणाल, तर मी गेल्या महिन्यातच निवृत्त होऊन घरी बसलोय.

अध्यक्षांचे आभार, पाहुण्यांचे आभार, बाईंचे तर किती मानावेत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

हा बघा, बिरप्पा दारात आला. काय रे, झालं का? निघाले म्हणतोय खिळे. आणि केराबाई?

"खिडकीपाशी वारं खात बसलीया. हाक मारली तरी उठंना झालीया."

बसू द्या तिला. नमस्कार.