फोटो लावा असं कोण म्हणालं?

...नाही, यादी लावा असं मी म्हणालो होतो, कबूल. पण फोटो लावा असं कोण म्हणालं? सांगा ना! कार्यालयाच्या भिंतीवर, काचेच्या आत, कुलूप घालून, रंगीत! गारपिटीची मदत मिळालेले शेतकरी: नाव, क्षेत्र, रक्कम, आणि शेजारी पुराव्याचा फोटो. सहाव्या नंबरला मी. आडव्या झालेल्या टोमॅटोत उकिडवा बसलोय आणि रडतोय. साधंसुधं नाही हो, नाकासकट.

आता तुम्ही म्हणाल, पीक गेल्यावर माणूस रडणारच, त्यात लाज कसली? बरोबर आहे तुमचं. पण तुम्हाला सांगतो, गारा पडल्यापासून महिनाभर मी न्हाव्याच्या दुकानात बसून सांगत होतो की माझे टोमॅटो उभे आहेत. तार कशी ताणावी, काठी किती खोल रोवावी... लोक अर्धी दाढी तशीच ठेवून ऐकायचे! का सांगत होतो? तर शेजाऱ्यामुळे. त्याच्या माझ्या बांधाला बांध आणि तीस वर्षांची चढाओढ. गारा पडल्या त्याच संध्याकाळी, त्याला दिसू नये म्हणून मी बांधावर हिरवी जाळी ताणली, माणसापेक्षा उंच. तर दुसऱ्या दिवशी त्यानेही आपल्या बाजूने ताणली. म्हटलं, बघा, याचं पीक शाबूत आहे, माझ्यापासून झाकतोय, आणि वर मदतही लाटणार.

तिडीक गेली डोक्यात. कार्यालयात गेलो, ‘यादी लावा!’ सभेत उठलो, ‘यादी लावा!’ मदत काय साहेबांच्या घरची आहे? लोकांचा पैसा, कोणाला किती गेला ते लोकांना दिसायला नको? बायको म्हणाली, ‘अहो, यादी लागली तर तुमचंही नाव लागेल.’ मला काय सुचलं नव्हतं? पण नावाचं काय, एका नावाची दोन माणसं असतात, निभावून नेलं असतं. फोटो लावा असं कोण म्हणालं?

लागली यादी. धावलो. वरून खाली वाचली, खालून वर वाचली, शेजाऱ्याचं नावच नाही. आणि मी मात्र रडतोय. मागे ही गर्दी! न्हावी कात्री हातात घेऊनच आलेला. फोटोकडे बघतो, माझ्याकडे बघतो. बायको म्हणाली, ‘फोटो चांगला आलाय पण.’

तसाच तरातरा शेतात गेलो आणि जाळी फाडली, माझीही आणि त्याचीही. पलीकडे काय? सपाट! एक काठी उभी नाही. वाळलेल्या झाडांत हा एकटा तारा गुंडाळत बसलेला.

म्हटलं, ‘अरे, मग अर्ज का नाही केलास?’

वर न बघता हळूच म्हणतो, ‘तू सगळीकडे ओरडत होतास, यादी लावा म्हणून. तुझे टोमॅटो उभे, आणि माझं नाव भिंतीवर? नको म्हटलं.’

तुम्हाला सांगतो, त्या फोटोपेक्षा जास्त लाज मला तेव्हा वाटली. माझ्या फुशारकीपायी त्याची हक्काची मदत चालली होती.

राहिलेल्या नावांना तीनच दिवसांची मुदत. त्याला हाताला धरून नेला, अर्ज मी लिहिला, पाहणीच्या बाईंना माझ्या स्कूटरवर बसवून शेतात आणलं. बाई फोन काढून मला म्हणतात, ‘तुम्ही बाजूला व्हा.’ हा माझा दंड सोडेना. ‘असू दे ना बाई, एकटा उभा राहिलो तर मीही रडेन.’ काढला फोटो, दोघांचा. आणि त्यात रडलं कोण? मीच!

काल दुसरी यादी लागली, पहिलीच्या शेजारी. त्याला मदत मिळाली, चांगलं झालं, जीव भांड्यात पडला. तर आज सकाळी दूधवाला किटली आपटून ओरडतोय, ‘हा माणूस दोन्ही याद्यांत कसा? खुलासा लावा, खुलासा!’

साहेब म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, खुलासाही भिंतीवर लागेल. उद्या लिहून आणा. आणि येताना एक फोटो आणा.